जायकवाडीच्या काठावरून क्षेपणास्त्रधारी कॅटामरन जोखताना

नव्या क्षेपणास्त्र नौकेची बातमी येते तेव्हा तीन आकडे ठळक छापलेले असतात: वेग, क्षेपणास्त्रांची संख्या आणि क्षेपणास्त्राचा पल्ला. नेमके हेच तीन आकडे एकटे घेतले तर सर्वांत कमी कामाचे. नौकेचे भरलेले वजन किती, रडार पाण्यापासून किती उंच, इंजिनाची शक्ती किती आणि तिला लक्ष्य दाखवणार कोण, हे चार प्रश्न विचारले की चित्र पालटते. त्यासाठी समुद्रकाठी राहावे लागत नाही. वही, वर्गमूळ काढता येईल असा कॅल्क्युलेटर आणि उपग्रह नकाशा एवढ्यावर परभणीत किंवा धाराशिवला बसून दोन-तीन संध्याकाळींत बरा अंदाज बांधता येतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. हे सगळे उघड माहितीवरचे काम आहे. आपल्या नौदलाच्या गोद्यांचे, तळांचे फोटो काढणे किंवा तिथल्या ओळखीच्या माणसाकडून काही विचारून घेणे हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो आणि या कामाला त्याची गरजही नाही.

तुलनेसाठी कोणत्या नौका धराव्यात

कॅटामरन म्हणजे दोन अरुंद, समांतर हल (नौकेची पाण्यात तरंगणारी धडे) आणि त्यांना जोडणारा वरचा डेक. शब्द तमिळ आहे: कट्टू म्हणजे बांधणे, मरम म्हणजे लाकूड. गंमत अशी की तमिळ कोळ्यांचा तो तराफा ओंडके एकत्र बांधलेला असे, दोन हलांचा नव्हे. नाव तेवढे पुढे भलत्याच बोटींना चिकटले.

वहीत पहिल्या पानावर चार नौकांचे रकाने आखा. पहिली चीनची टाइप ०२२. पहिली नौका २००४ मध्ये शांघायला पाण्यात उतरली. लांबी ४२.६ मीटर, रुंदी १२.२ मीटर, ड्राफ्ट (पाण्याखाली बुडालेली खोली) दीड मीटर, वजन सुमारे २२० टन, सांगितलेला वेग ३६ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५ किलोमीटर), ८ जहाजविरोधी क्षेपणास्त्रे, एक ३० मिलिमीटरची सहा नळ्यांची तोफ आणि डझनभर माणसे. हलचा नमुना ऑस्ट्रेलियन कंपनीच्या वेगवान बोटींच्या आराखड्यावरून आलेला, ही बाब पुढे कामाला येते. दुसरी तैवानची तुओ च्यांग. २०१४ मध्ये जलावतरण, लांबी ६०.४ मीटर, रुंदी १४ मीटर, ३८ नॉट, शूंग फंग २ आणि शूंग फंग ३ मिळून १६ क्षेपणास्त्रे, शिवाय ७६ मिलिमीटर तोफ आणि जवळच्या बचावासाठी फॅलँक्स ही आपोआप नेम धरणारी तोफ. तिसरी नॉर्वेची शोल्ड. ती काटेकोर अर्थाने कॅटामरन नाही. दोन हलांच्या मधल्या पोकळीत पंख्याने हवा कोंडून ती जवळपास हवेच्या गादीवर धावते. ४७.५ मीटर, २७४ टन, ६० नॉट. चौथी इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्डची शहीद सुलेमानी. ती सप्टेंबर २०२२ मध्ये दाखल झाली आणि तिच्यात डेकमध्ये उभ्या बसवलेल्या नळ्यांतून क्षेपणास्त्रे सुटतात.

ही चार सोडून पाचवी कोणतीही नवी नौका आली की तिचे आकडे या रकान्यांशेजारी ठेवायचे. एकट्या नौकेचा आकडा काही बोलत नाही.

फोटोवरून मोजमाप

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे फुकट मिळतात, पण त्यातला एक ठिपका १० मीटरचा. टाइप ०२२ त्यात लांबीला चार ठिपके आणि रुंदीला जेमतेम एक. तेवढ्यावरून नौका ओळखायला गेलात तर मालवाहू तराफाही युद्धनौका वाटेल. सेंटिनेलचा उपयोग एवढाच: धक्क्याशी काही उभे आहे की नाही, आणि दर थोड्या दिवसांनी ते हलते की नाही. मोजायला गूगल अर्थची जुनी, स्पष्ट चित्रे घ्या आणि तारखेची पट्टी मागे सरकवत जा.

ओळखीची खूण लांबी-रुंदीचे गुणोत्तर. टाइप ०२२ साठी ते ३.५ येते. एका हलच्या क्षेपणास्त्र नौका सहसा यापेक्षा बऱ्याच सडपातळ दिसतात. मागची बाजू सरळ कापलेली, आणि चालत असेल तर फेसाचे दोन पट्टे. उंची सावलीवरून काढा: सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उंचीच्या कोनाचा टॅन्जंट. सूर्य ४५ अंशांवर असेल तर सावली आणि उंची सारखीच. चूक होते ती इथे: सावली पाण्यावर पडली की तिची कड विरघळते, म्हणून नौका धक्क्याला लागलेली असताना, सावली काँक्रीटवर पडलेली अशी चित्रे निवडा. मग काँक्रीट पाण्यापासून जेवढे वर असेल तेवढे त्यात मिळवावे लागते. भरती-ओहोटीमुळे मीटरभराचा फरक राहतोच.

फोटोत क्षेपणास्त्रांचे डबे दिसले म्हणून आत क्षेपणास्त्रे आहेत असे समजू नका. संचलनात रिकामे डबेही तितकेच रुबाबदार दिसतात. वहीत ‘जागा ८’ असे लिहा, ‘क्षेपणास्त्रे ८’ असे नको.

वजनाचा हिशेब, जो बहुतेकजण गाळतात

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमागे दुसरी ट्रॉली जोडली की काय होते हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. कॅटामरनचे तसेच, फक्त जास्त नाजूक. तिचे हल अरुंद असतात, म्हणून पाण्याच्या पातळीवरचे क्षेत्रफळ कमी आणि तेवढ्याच वजनाने ती जास्त बुडते.

अंदाज असा काढा. प्रत्येक हल पाण्याच्या रेषेवर ४० मीटर लांब आणि २.८ मीटर रुंद धरू, टोके निमुळती म्हणून ०.७५ ने गुणू. एका हलचे ८४ चौरस मीटर, दोन्हींचे १६८. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ टन प्रति घनमीटर. म्हणजे नौका एक सेंटिमीटर खाली जायला साधारण १.७ टन पुरतात. तेवढ्याच टनांची एका हलची नौका ४५ मीटर लांब, साडेसात मीटर रुंद धरली तर तिला २.६ टन लागतात. आता कोणी १२ टनांची भर घातली, म्हणजे जास्तीची क्षेपणास्त्रे, त्यांचे डबे, एखादे रडार, तर कॅटामरन ७ सेंटिमीटर बसते आणि साधी नौका साडेचार. दीड मीटरच्या ड्राफ्टवर ७ सेंटिमीटर म्हणजे जवळपास पाच टक्के. घर्षण वाढते, वेग उतरतो आणि मधला डेक लाटांच्या तेवढा जवळ येतो.

म्हणून क्षेपणास्त्राचे वजन पाहिल्याशिवाय ‘त्यावर अमुक बसवता येईल’ असे म्हणू नये. नॉर्वेचे एनएसएम हे जहाजविरोधी क्षेपणास्त्र सुमारे ४०० किलोचे आहे. आपले ब्रह्मोस जहाजावरच्या रूपात ३ टनांच्या घरात. आठ एनएसएम म्हणजे सव्वातीन टन, आठ ब्रह्मोस म्हणजे २४ टन, डबे आणि चौकट वेगळी. २२० टनांच्या कॅटामरनवर ब्रह्मोस बसवण्याच्या सूचना समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी येतात. त्यांना उत्तर एवढेच.

अॅल्युमिनियमचाही विचार इथेच करा. या नौका हलक्या ठेवायच्या तर पोलाद परवडत नाही: पोलादाची घनता ७.८५, अॅल्युमिनियमची २.७. पण वाळूजच्या वर्कशॉपमध्ये ज्याने अॅल्युमिनियमचे वेल्डिंग केले आहे त्याला माहीत असते की जोडाजवळची पट्टी उष्णतेने कमजोर होते. लाटांचे हजारो फटके त्याच जागी बसतात आणि भेगा तिथेच पडतात. अमेरिकेच्या इंडिपेंडन्स वर्गाच्या १२७ मीटरच्या तीन-हली अॅल्युमिनियम नौकांमध्ये अशा भेगा निघाल्याचे २०२२ मध्ये बाहेर आले आणि काही नौकांवर वेगाची व लाटांची मर्यादा घालावी लागली. आगीत अॅल्युमिनियम आणखी लवकर हात टेकते. २००-२५० अंशांच्या वर त्याची बरीच ताकद जाते. कार्बन फायबरचे दुखणे निराळे. इंडोनेशियाची क्लेवांग ही कार्बन फायबरची, तीन हलांची क्षेपणास्त्र नौका ३१ ऑगस्ट २०१२ ला पाण्यात उतरली आणि २८ सप्टेंबरला धक्क्याशीच जळून गेली. चार आठवडे. क्षमता जोखताना ‘आग लागली तर’ हा रकाना असावा तो यासाठी.

वेग आणि इंधन

माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारा त्याला मोकळा पळवून पाहतो, पण शहाणा असेल तर स्वार बसवून पुन्हा पळवायला लावतो. नौकेच्या चाचणीचा वेग हा बहुधा मोकळ्या घोड्याचा असतो: टाकी अर्धी, शस्त्रे नाहीत, समुद्र शांत.

पहिली तपासणी शक्ती भागिले वजन. टाइप ०२२ ची दोन डिझेल इंजिने प्रत्येकी ६,८६५ अश्वशक्तीची, मिळून साधारण १०,२०० किलोवॅट. २२० टनांना भागले की टनामागे ४६ किलोवॅट. शोल्डची चार गॅस टर्बाइन मिळून १२,००० किलोवॅट, २७४ टनांना टनामागे ४४. शक्ती जवळपास सारखी आणि वेग ३६ विरुद्ध ६०! ही चूक नाही, हवेच्या गादीची करामत आहे. गादीमुळे हल पाण्यातून बराच वर येतो. म्हणून एखाद्या साध्या कॅटामरनसाठी टनामागे ४५ किलोवॅटवर ५० नॉटचा दावा असेल तर तो दावा फुगवलेला, किंवा वजन हलके सांगितलेले, किंवा शक्ती लपवलेली. टाइप ०२२ चा हल वेगवान बोटींच्या आराखड्यावरून आलेला, आणि प्रवासी वाहतुकीच्या वेगवान कॅटामरन फेरीबोटींचे आकडे उघड असतात. ४० मीटरच्या आसपासच्या फेरीबोटी घेऊन हाच भागाकार केला की युद्धनौकेच्या दाव्याला चांगला ताळा मिळतो. टाइप ०२२ चा ३६ नॉटचा दावा या ताळ्यात बसतो.

कॅटामरनची कमाई कोणत्या वेगाला सुरू होते? त्यासाठी फ्राउड अंक: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या आणि त्याला ९.८१ गुणिले लांबी यांच्या वर्गमुळाने भागा. ४२.६ मीटरला हे वर्गमूळ २०.४ येते. ०.४ ते ०.५ या अंकाजवळ कोणत्याही नौकेला स्वतःच्याच लाटेचा चढ चढावा लागतो. इथे तो १६ ते २० नॉटचा पट्टा. अरुंद हलांमुळे कॅटामरनला हा चढ कमी लागतो आणि ३६ नॉटला, म्हणजे ०.९ वर, तिचा फायदा स्पष्ट दिसतो. पण १० नॉटने गस्त घालताना दोन हलांचे ओले पृष्ठभाग जास्त घर्षण खातात, आणि नौकेला ढकलणारा वॉटरजेट (पाणी आत ओढून मागे फेकणारा पंप) हाही कमी वेगाला अकार्यक्षम. थोडक्यात, ही गस्तीची बोट नाही. वॉटरजेटचा फायदा म्हणजे उथळ पाणी चालते. तोटा म्हणजे तरंगती जाळी आणि प्लॅस्टिक तो आत ओढून घेतो, आणि कोळ्यांची वस्ती असलेल्या किनाऱ्यावर दोन्हींची टंचाई नसते.

इंधन: वेगवान डिझेल इंजिन दर किलोवॅट-तासाला सुमारे २१० ग्रॅम डिझेल खाते. १०,२०० किलोवॅटला तासाला २.१ टन. टाकीत २० टन धरू. हा धरलेला आकडा आहे, वहीत तसे लिहून ठेवा. साडेनऊ तासांच्या आत टाकी कोरडी, ३६ नॉटने सुमारे ३३५ सागरी मैल. पाचवा हिस्सा राखीव, उरलेल्याचे अर्धे परतीला. धावून जाऊन धावून परत येण्याची त्रिज्या उरते १३५ मैल, म्हणजे २५० किलोमीटर.

जाहीर पल्ल्यालाही याच चाळणीतून काढा. तुओ च्यांगचा पल्ला २,००० सागरी मैल सांगतात. ३८ नॉटने ते अंतर कापायला ५२ तास लागतील. तासाला ३ टन जरी धरले तरी १५० टनांवर इंधन हवे. पाच-सहाशे टनांच्या नौकेला ते झेपणार नाही. तेव्हा २,००० मैल हे सावकाश वेगाचे आणि ३८ नॉट हे थोड्या वेळाचे. दोन्ही खरे, पण एकाच वेळी नव्हेत.

समुद्र खवळला की

बैलगाडीचे एक चाक खड्ड्यात गेले आणि दुसरे अजून वर आहे, अशा वेळी गाडीतल्या माणसाला जो पिळा बसतो तो कॅटामरनला तिरक्या लाटेत बसतो. ती एका हलच्या नौकेसारखी सावकाश कलंडत नाही. झटक्याने जाते आणि झटक्याने परत येते. शिवाय मधल्या डेकच्या तळाला लाट आपटते. लाटा चिरणाऱ्या टोकदार नाळेने, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाने, हा त्रास कमी होतो, नाहीसा होत नाही.

किती लाटेत किती वेग, हा प्रश्न म्हणून वेगळा विचारावा लागतो. शोल्डसारख्या नौकेचेही ६० नॉट सपाट पाण्यातले. लाटा सव्वा मीटरपर्यंत पोहोचल्या की तिच्यासाठी ४५ नॉट सांगतात. अडीच ते चार मीटरच्या लाटांना समुद्राची पाचवी स्थिती म्हणतात, आणि पावसाळ्यात अरबी समुद्र आठवडेच्या आठवडे त्या घरात असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद ठेवतात त्याचे मुख्य कारण माशांचा विणीचा हंगाम असले तरी समुद्राचा हा स्वभावही त्यात आहे. तैवानची सामुद्रधुनी, पर्शियाचे आखात, नॉर्वेचे खाडीमार्ग या नौकांची घरे आहेत. तिथला आकडा उचलून अरबी समुद्राला लावू नका.

डोळा कोणाचा?

आता गाभा. क्षेपणास्त्र १५० किलोमीटर जाते, पण नौकेला दिसते किती?

रडारचे क्षितिज किलोमीटरमध्ये काढायचे तर रडारच्या उंचीचे वर्गमूळ अधिक लक्ष्याच्या उंचीचे वर्गमूळ, गुणिले ४.१२. उंची मीटरमध्ये. छोट्या नौकेचे रडार पाण्यापासून १५ मीटरवर धरू, समोरच्या जहाजाचा वरचा भाग २० मीटर. उत्तर ३४ किलोमीटर. जायकवाडीचा नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब आहे. म्हणजे पैठणच्या धरणाशी ही नौका उभी केली तर तिला जलाशयाचे दुसरे टोकही दिसणार नाही, मग १५० किलोमीटर कुठले. तेच रडार देवगिरीच्या सुमारे २०० मीटर उंच डोंगरावर नेले की ७७ किलोमीटर मिळतात. उंचीची किंमत ही आहे, आणि विमान, हेलिकॉप्टर, ड्रोन, उपग्रह यांना म्हणूनच महत्त्व.

तेव्हा प्रत्येक नौकेपुढे लिहा: लक्ष्य कोण शोधते, बातमी कोणत्या दुव्याने येते, किती जुनी असते, आणि दुवा जाम केला तर काय. चीनच्या बाबतीत किनाऱ्यावरची रडारे, विमाने, उपग्रह असा मोठा गोतावळा आहे. छोट्या नौदलाने तीच नौका विकत घेतली तर नौका तीच राहते, क्षमता निम्म्यावर येते.

बातमी जुनी झाली तर काय होते ते मोजून पाहा. १५० किलोमीटरला ध्वनीपेक्षा कमी वेगाचे क्षेपणास्त्र, सेकंदाला २९० मीटर, साडेआठ मिनिटे घेते. २५ नॉटने जाणारे जहाज तेवढ्यात साडेसहा किलोमीटर सरकते. बातमीच दहा मिनिटे जुनी असेल तर आणखी पावणेआठ. मिळून १४ किलोमीटर. क्षेपणास्त्राच्या नाकातल्या शोधकाला एवढा पट्टा धुंडाळावा लागतो आणि त्या पट्ट्यात कोळ्यांच्या बोटी, मालवाहू जहाजेही असतात. जवळून मारायचे तर अचूकता वाढते, पण मग नौका स्वतः उघडी पडते.

१९७१ चे उदाहरण या चौकटीत नीट बसते. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौका एकट्या नव्हत्या. किलतान आणि कच्छल या मोठ्या नौका आणि पोषक हे इंधनवाहू जहाज जोडीला होते. शस्त्र लहान बोटींचे, पल्ला आणि आधार इतरांचा. पाकिस्तानची खैबर ही विनाशिका त्या रात्री बुडाली. नौदल दिनाच्या भाषणांत बोटींचे कौतुक होते, पोषकचे नाव फार कमी वेळा येते.

नौका दिसणार किती, वाचणार किती

छुपेपणाबद्दल एकच गणित पुरे. रडारवरची छाया, म्हणजे रडारला दिसणारा नौकेचा आकार, दहापट कमी केली तरी दिसण्याचे अंतर दहापट कमी होत नाही. ते चौथ्या वर्गमुळाने घटते, म्हणजे ५६ टक्क्यांवर येते. फोटोत उघडे कठडे, तिरकस नसलेल्या भिंती, मोकळे दोर, बाहेर टांगलेले जीवरक्षक तराफे दिसले तर छुपेपणाचे गुण कापा. ३६ नॉटने धावणाऱ्या नौकेमागचा पांढरा पट्टा वरून लपत नाही. आणि तिने स्वतःचे रडार सुरू केले की समोरच्याला तिच्या क्षितिजापलीकडूनही चाहूल लागू शकते.

बचावाचे गणित. समुद्राला घासून ५ मीटरवर येणारे क्षेपणास्त्र १५ मीटरवरच्या रडारला २५ किलोमीटरवर दिसते. सेकंदाला ३०० मीटर असेल तर ८४ सेकंद. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे असेल तर ३७. ओळखणे, ठरवणे, तोफ वळवणे यांना २०-२५ सेकंद धरा. उरलेले सेकंद हाच त्या नौकेचा जीव. एके-६३० जातीच्या, टाइप ०२२ वर असते तशा सहा नळ्यांच्या तोफेजवळ २,००० गोळ्या असतात आणि मिनिटाला ५,००० च्या वेगाने त्या २४ सेकंदांत संपतात. टाइप ०२२ कडे हवेतल्या धोक्यासाठी तेवढीच तोफ आणि फार तर खांद्यावरची क्षेपणास्त्रे. तुओ च्यांगच्या पुढच्या नौकेत, २०२० मध्ये पाण्यात उतरलेल्या ता च्यांगमध्ये, टीसी-२एन ही हवाई संरक्षणाची क्षेपणास्त्रे आली ती उगीच नव्हे.

या नौकांचे खरे शत्रू दुसऱ्या नौका नसतातच बहुधा. १९९१ च्या आखाती युद्धात ब्रिटिश लिंक्स हेलिकॉप्टरांनी सी स्कुआ क्षेपणास्त्रांनी इराकच्या क्षेपणास्त्र बोटी टिपल्या. बोटींना हेलिकॉप्टर गाठता येईना. १ फेब्रुवारी २०२४ ला क्रिमियातल्या डोनुझलाव सरोवरात युक्रेनच्या मानवरहित सागरी ड्रोनांनी रशियाची इवानोवेत्स बुडवली. ती तारांतुल वर्गाची क्षेपणास्त्र नौका होती, आणि तिच्याकडे तोफा होत्या. म्हणून २०२४ नंतरच्या प्रत्येक मूल्यमापनात एक नवा प्रश्न हवा: रात्री, पाण्यालगत, चारी बाजूंनी येणारे पाच-सहा ड्रोन ही नौका किती अंतरावर पाहते आणि कशाने मारते?

आणि पल्ला म्हणजे जय नव्हे. ऑक्टोबर १९७३ मध्ये लताकियाजवळ सीरियाच्या क्षेपणास्त्रांचा पल्ला इस्रायलच्या दुप्पट होता. इस्रायली बोटींनी चॅफ (रडारला फसवायला हवेत सोडलेल्या धातूच्या पट्ट्या) आणि जॅमिंगने ती सगळी भरकटवली, जवळ गेल्या आणि सीरियाच्या नौका बुडवल्या. चॅफ सोडणाऱ्या नळ्या फोटोत शोधा. नसतील तर मोठी खोट आहे.

एका फैरीचा हिशेब

अमेरिकी नौदलाचे कॅप्टन वेन ह्यूज यांनी मांडलेल्या फैरीच्या समीकरणाचे सोपे रूप हातानेही चालते. चार कॅटामरन, प्रत्येकी ८, म्हणजे ३२ क्षेपणास्त्रे. पाचातील चार नीट चालली तर २५.६. समोर चार फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका. सावध असताना प्रत्येक ४ क्षेपणास्त्रे पाडते असे धरू: १६ गेली, ९.६ उरली. निम्मी चॅफला भुलली: ४.८. एक फ्रिगेट निकामी व्हायला दोन फटके लागतात असे धरले तर दोन-अडीच फ्रिगेट गेल्या.

आता एकेक आकडा हलवा. बातमी जुनी म्हणून निम्मीच क्षेपणास्त्रे लक्ष्याच्या परिसरात पोहोचली: १२.८. फ्रिगेटी १६ पाडू शकतात, म्हणजे एकही आत येत नाही. क्षेपणास्त्र ध्वनीच्या दुप्पट वेगाचे घेतले आणि प्रत्येक फ्रिगेटला दोनच पाडता आली, तर २५.६ मधून ८ गेली, १७.६ ची निम्मी ८.८, म्हणजे चारही फ्रिगेट संपल्या. या कोष्टकात वेगाचे नॉट कुठेच आले नाहीत हे लक्षात घ्या. निकाल ठरतो तो बातमी, क्षेपणास्त्राचा वेग आणि सावधपणा यांवर.

हीच आकडेमोड उलट दिशेने करायला विसरू नका. चार कॅटामरनवर दोन-दोन क्षेपणास्त्रे आली, प्रत्येकीने तोफेने एक पाडले, तर दुसरे बसते आणि २२० टनांच्या नौकेला एकच पुरते. फैर झाडून झाली की ती रिकामी आहे. समुद्रात नवी क्षेपणास्त्रे चढवता येत नाहीत, तळावर क्रेन लागते. म्हणून तळ किती दूर, तिथे क्रेन किती, साठा किती, हेही क्षमतेतच मोजायचे. डझनभर माणसांची नौका दोन रात्रींत थकते, तोही भाग.

भारताच्या संदर्भात

आपल्या नौदलाला कॅटामरन नवी नाही. मकर हे कॅटामरन रचनेचे सर्वेक्षण जहाज २०१२ मध्ये दाखल झाले होते, बांधणी भावनगरची. सर्वेक्षणाला रुंद, स्थिर डेक हवा असतो, तिथे ही रचना शोभते. क्षेपणास्त्र नौकांसाठी मात्र मार्च २०२३ मध्ये कोचीन शिपयार्डशी ९,८०५ कोटींचा करार झाला तो सहा नौकांचा, आणि त्या एका हलच्या आहेत. वेग ३३ नॉटच्या घरात. मुंबईहून मोकळ्या अरबी समुद्रात जायचे, पावसाळा सोसायचा, जड क्षेपणास्त्रे न्यायची, हे वरच्या हिशेबात घातले की ही निवड पटते. कॅटामरन वाईट म्हणून नव्हे. ती बेटांच्या आडोशाची, आखूड धावेची, भरवशाच्या डोळ्याची नौका आहे.

कागदावर उतरवताना

एका नौकेला एक पान. प्रत्येक आकड्यापुढे तीनपैकी एक खूण: मोजलेला, जाहीर केलेला, धरलेला. वेग आणि पल्ला जाहीर, लांबी-रुंदी मोजलेली, इंधन आणि विश्वासार्हता बहुतेक वेळा धरलेली. धरलेले आकडे एकदा २० टक्के वाढवून आणि एकदा २० टक्के कमी करून उत्तर किती बदलते ते बघा. ज्याने उत्तर उलटते तो आकडा आधी शोधायला हवा, बाकीच्यांवर वेळ घालवू नका. संख्या लिहिताना जलावतरण, दाखल होणे आणि प्रत्यक्ष तैनाती या तीन वेगळ्या तारखा ठेवा. क्लेवांगला पहिली मिळाली, दुसरी कधीच मिळाली नाही. तुओ च्यांग २०१४ ची आणि ता च्यांग २०२० ची, मधल्या सहा वर्षांत बचावाची क्षेपणास्त्रे जोडली गेली, म्हणून एकाच वर्गाच्या नौकांनाही एकच पान पुरत नाही. पानावर तारीख घाला आणि नवे चित्र आले की जुने खोडू नका, खाली नवी ओळ लिहा.